उन्हाळ्यात विणायची इच्छाच जाते, बाळंतविडा अर्धवट पडलाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितेय. विणकाम करणाऱ्यांनी प्लीज सांगा. "थोडे दिवस बाजूला ठेव" असं घरचे सांगतातच, पण यावेळी ते परवडणारं नाहीये. माझी भाची कॅनडात कॅलगरीला असते, तिला सप्टेंबर अखेरची तारीख दिलीये, ताई त्याच महिन्याच्या सुरुवातीला तिच्याकडे जाणार आणि बाळंतविडा माझ्याकडून जायचा हे ठरलेलंच आहे, आमच्या घरातल्या सगळ्या बाळांचे मीच विणलेत. स्वेटर, टोपडं, मोजे आणि एक मोठं दुपटं. त्यातली स्वेटरची पाठ झाली, पुढचा एक भाग अर्धा झाला आणि होळीनंतर सुया खाली ठेवल्या त्या ठेवल्याच.

दर उन्हाळ्यात हे होतं. एरवी काही बिघडत नाही कारण मे महिन्यात स्वेटर कोणाला हवाय, दिवाळी झाली थंडी पडली की हात आपोआप शिवशिवायला लागतात. पण आत्ता इथे पारा ४५ च्या आसपास, नवतपा (मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) तर अजून यायचाय, दुपारभर दारंखिडक्या बंद आणि पडदे ओढलेले. कूलरसमोर बसलं तर हवा इतकी ओली की लोकर बोटांना चिकटते, लांब बसलं तर घाम, टाका सुईवरून सरकतच नाही, दोन ओळी विणल्या की वैताग येतो. दुपटं मांडीवर घ्यायच्या तर विचारानेच नको होतं. लोकर कमी पडेल की काय म्हणून बाजारात गेले तर तिथेही हेच, दुकानदार वरच्या फळीवरून उरलेले चार गोळे काढून देतो, एका डाय लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, नसतातच.

पण मला वाटतं नुसत्या गरमीमुळे हे होत नाहीये. हिवाळ्यात आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सकाळी अकराच्या सुमारास सगळ्या जणी उन्हात बसतो, कोणी तुरीच्या शेंगा सोलतं, कोणी विणतं, "बाही कुठवर आली गं" असं कोणी ना कोणी विचारतं, एखादी वीण अडली तर तिथल्या तिथे सुटते. आता त्याच गच्चीवर कुरडया आणि पापड, तेही ऊन चढायच्या आत उरकायचं, मग सगळ्या आपापल्या घरात. मी अंधाऱ्या खोलीत एकटी, विणलं काय नाही विणलं काय, कोणाला पत्ताही नाही. खरं सांगू का, मला त्या विचारण्याची फार आठवण येते. आणि जाळीची वीण घेतलीये त्यामुळे पिशवी उघडली की आपण कितव्या ओळीवर होतो हेच कळत नाही, ते शोधण्यातच उत्साह संपतो.

तर तुम्ही उन्हाळ्यात कसं निभावता? लोकर बाजूला ठेवून सुती धाग्यात करू का, की कॅलगरीच्या थंडीत ते अगदीच निरुपयोगी ठरेल? आणि मन परत कसं लागतं, त्याबद्दलही लिहा.

प्रतिसाद:
ताई, मी अल्बर्टातच, म्हणजे कॅलगरीच्याच प्रांतात राहते, माझं बाळही इथलंच, म्हणून सविस्तर लिहिते. सुती बिलकुल निरुपयोगी नाही! घरात हीटिंग असतं, बाळाला घरात पातळ सुतीच जास्त लागतं, एकावर एक घालायचं आणि काढायचं. कॅलगरीला हिवाळ्यातही मधेच चिनूक वारं आलं की काही तासांत तापमान पार चढतं, त्यामुळे एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे. कार सीटच्या पट्ट्यांखाली जाड कपडे घालायचे नसतात, पट्टे सैल राहतात, म्हणून पट्टे लावून वरून पांघरूण टाकतात. तुमचं दुपटं तिथे रोज वापरात येईल, फक्त पाळण्यात झोपताना सैल पांघरूण ठेवू नका असं इथले डॉक्टर सांगतात.

दुसरं म्हणजे टोपड्याला गळ्याशी बांधायच्या नाड्या लावू नका, गळ्याला फास बसायची भीती असते. जाळीची भोकंही बारीक ठेवा, बाळाची बोटं अडकतात. आणि मुख्य मुद्दा मापाचा. सप्टेंबरअखेर जन्मलेलं बाळ खऱ्या कडाक्याच्या थंडीत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, तीन महिन्यांचं झालेलं असेल. नवजात मापाचा लोकरी स्वेटर तोवर लहान होईल. ताईंबरोबर टोपडं, मोजे आणि दुपटं पाठवा, लोकरीचा स्वेटर मोठ्या मापाने गणपतीनंतर सावकाश विणा आणि कुरियर करा. लोकर मशीनमध्ये धुता येणारी घ्या, भाचीला हाताने धुवायला वेळ मिळणार नाही.

प्रतिसाद:
मी मुंबईची, इथे घामाला वर्षभर सुट्टी नाही :) बांबूच्या सुया घेऊन बघा, ओल्या हातात ॲल्युमिनियमपेक्षा बऱ्या वाटतात. ॲक्रिलिक ओलावा शोषत नाही म्हणून घाम बोटांवरच राहतो, सुती धागा शोषतो. दुपटं अखंड विणू नका, चौकोन विणा आणि शेवटी जोडा, मांडीवर एका वेळी एक वीतभर तुकडाच राहील. पहाटे साडेपाच ते सात एवढाच वेळ ठेवा, दुपारी सुयांकडे बघायचंही नाही. सुती धाग्याला लोकरीसारखा लवचिकपणा नसतो, टोपड्याची बॉर्डर सैल पडते, ती एक नंबर बारीक सुईवर विणा, म्हणजे बाकीचं १० नंबरवर असेल तर बॉर्डर ११ वर (आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते).

प्रतिसाद:
अर्धवट जाळीसाठी: ठेवण्याआधी वेगळ्या रंगाचा दोरा सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवायचा आणि ओळीचा नंबर चिठ्ठीवर लिहून पिशवीत टाकायचा. उसवावं लागलं तरी त्या दोऱ्यापाशी थांबतं. बऱ्याच दिवसांनी परत घेताना आधी जुन्या भागात १० सेंमीत किती टाके आहेत ते मोजा, मग नवीन तुकडा विणून तेवढेच येतात का बघा. आपला हात मधल्या काळात घट्ट किंवा सैल झालेला असतो, आणि पुढचा भाग पाठीशी जुळत नाही.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार! मापाचा हिशोब वाचून छातीवरचं ओझंच उतरलं. स्वेटर दोरा ओवून, चिठ्ठी घालून कडुलिंबाच्या पाल्यासकट ठेवून दिला. फिकट पिवळा सुती धागा आणलाय, दुपट्याचे चौकोन सुरू केलेत, पहाटे गॅलरीत खरंच वारं असतं. आणि गच्चीवरच्या मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्या चौकोनाचा फोटो टाकला तर लगेच तिघींनी विचारलं कोणासाठी गं, एकीने तर दोन चौकोन मी देते म्हणून मागूनच घेतले. आता वेगवेगळ्या हातांचे चौकोन एका मापाचे कसे येतील ते सांगा, सगळ्यांना एकाच नंबरच्या सुया दिल्या तर पुरेल, की प्रत्येकीचा नमुना आधी मोजून घ्यावा लागेल?