लेबर रूममध्ये बाईजवळ तिचं एक माणूस का नको?

घाटकोपरची ताई:
गेल्या महिन्यात धाकटी बहीण मुंबईतल्या एका सरकारी इस्पितळात बाळंत झाली. रात्रभर कळा. आई बाहेर जिन्यात, आत ती एकटी, दोन टेबलांमध्ये पडदासुद्धा नाही. कण्हली तर ऐकवलं, "नवऱ्याजवळ जाताना नाही ओरडलीस?" बाळ सुखरूप, म्हणून घरात कुणी विषय काढत नाही. मी काढते. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ सोबतीला एक बाई राहू द्या, असं केंद्राने 2016 मध्येच सांगितलंय. 2017 च्या 'लक्ष्य' या लेबर रूम सुधारण्याच्या सरकारी कार्यक्रमातही सन्मानाची वागणूक आहे. मग नातेवाईक बाहेर का?

नाइट ड्यूटी:
मी लेबर रूममध्येच सिस्टर आहे. ते वाक्य घाणेरडंच, त्याची बाजू घेणार नाही. पण रात्री आम्ही दोघी आणि कळा देणाऱ्या पाच. प्रत्येकीची सोबतीण आत आली तर शेजारच्या टेबलावर उघड्या पडलेल्या बाईच्या अब्रूचं काय? रक्तस्राव वाढला की सोबतची घाबरते, आमच्याच अंगावर येते. आधी जागा द्या, माणसं द्या.

परळची आजी:
माझी दोन्ही बाळंतपणं ओरडा खाऊनच झाली. सिस्टर ओरडल्या म्हणून जोर लावला गेला. जीव वाचला, आणखी काय हवं?

घाटकोपरची ताई:
आजी, तो ओरडा तुम्हाला अजून आठवतोय ना? सिस्टर, पाणी पाजणं, कंबर चोळणं, धीर देणं ही कामं सोबतीणच करेल, तुमचा भार हलका होईल. स्वतः बाळंतपण अनुभवलेली, संसर्गाचा आजार नसलेली, स्वच्छ कपड्यातली बाई हवी, अशा अटी केंद्राच्या त्या सूचनांतच आहेत. कळांमध्ये सतत कुणी जवळ असलं तर नॉर्मल होण्याची शक्यता वाढते, हे अभ्यासांतून दिसलंय. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2018 च्या शिफारशींत हेच सांगितलंय.

नाइट ड्यूटी:
आमच्याकडे दांड्या आहेत, पडदे धुवायला गेले ते आलेच नाहीत. उद्या मेट्रनकडे लेखी मागते. पण 'बाजूला हो' म्हटलं की हटायचं, हे सोबतीणीला ऐन कळांत कोण समजावणार? नवव्या महिन्यात, ओपीडीतच तिला बोलवा. तेवढं झालं तर माझी हरकत नाही.