बुश यांच्या ‘ट्रेल’ला माग म्हणावं की वाट?

आडवाट: मुलांच्या अंकासाठी अमेरिकी अभियंते व्हॅनेव्हार बुश यांच्या ‘मेमेक्स’ या कल्पित यंत्रावर लिहितेय. जुलै १९४५च्या ‘अटलांटिक’ मासिकात त्यांनी हे यंत्र मांडलं. एक टेबल, त्याच्या पोटात मायक्रोफिल्मवर, म्हणजे अगदी बारीक फोटोंच्या फिल्मवर, उतरवलेली पुस्तकं नि पत्रं, वर तिरपे पडदे, कळा, दांडे. ते प्रत्यक्षात कधी बनलं नाही. त्यात वाचणारा एक मजकूर दुसऱ्याला कायमचा जोडतो, मग तिसऱ्याला. या सगळ्याला ते ‘ट्रेल’ म्हणतात. मी ‘माग’ लिहिलं, संपादकांनी ‘दुवा’ केलं. पण दुवा म्हणजे एकच कडी ना?

शेवंती: मग साखळी म्हणा.

पाटीपेन्सिल: साखळीला फाटे फुटत नाहीत. बुश यांचंच उदाहरण घ्या. तुर्की आखूड धनुष्य इंग्लिश लांब धनुष्याला भारी का पडलं, हे एकजण शोधतोय. विश्वकोशातून तो इतिहासात जातो, मध्येच पदार्थांच्या लवचिकतेकडे वळतो, स्वतःचं टिपण घालतो. पुढे कित्येक वर्षांनी ते सगळं मित्राला जसंच्या तसं काढून देतो. ही पायवाटच!

ताडोबाकर: ‘माग’ला माझा विरोध आहे. आमच्याकडे वाघाचा माग काढतात. वाघ तो आपल्यासाठी ठेवून जात नाही. बुश यांचा वाचक मुद्दाम ठेवतो.

धोटा: इचलकरंजीत माग म्हटलं की कापडाचाच. माझ्या मते दोन्ही माग ‘मार्ग’वरूनच आले. आडवा धागा नेणारा धोटा एकाच मार्गाने येतो-जातो की.

शेवंती: पावलांचा माग ‘मार्ग’वरून, मान्य. विणायच्या मागाला तेच मूळ लावायचं तर जुन्या ग्रंथातला दाखला द्या.

धोटा: आजोबा तसंच सांगायचे. विणकराच्या तोंडचं तुम्ही दाखला धरत नाही, याचं वाईट वाटतं.

गडवाट: ‘ट्रेल’च राहू द्या. सह्याद्रीत फिरणारी पोरं रोज म्हणतात. माऊसला तरी कुठे मराठी शब्द रुळला? तो शोधणाऱ्या डग्लस एंगलबार्टनी ९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोत तो दाखवला, तेव्हापासून जगभर माऊसच.

पाटीपेन्सिल: एंगलबार्टनी बुश यांचा लेख फिलिपीन्समध्ये, नौदलात असताना वाचला होता. म्हणजे तोही याच वाटेवरचा. आणि ‘संगणक’ रुळलाच की! रुळवला म्हणून रुळला.

गडवाट: कागदोपत्री. आमच्या घरी कॉम्प्युटरच म्हणतात.

शेवंती: इंग्रजीतही कॉम्प्युटर म्हणजे आधी हिशेब करणारा माणूसच होता. त्या हिशेबाने ‘गणक’ पुरे होता, ‘सं’ कशाला?

आडवाट: मंडळी, अंक शुक्रवारी छापायला जातोय. अशा वाटा पाडून देणं हा पुढे एक व्यवसाय होईल, असंही बुश लिहितात. त्या माणसाला काय म्हणू? वाटाड्या?

ताडोबाकर: वाटाड्या असलेली वाट दाखवतो. हा तर नवी पाडणारा.