‘विरूपण’ बदलल्याने ‘विरूपण’ वाढते?

वागळेकर: रबाळ्याच्या एका कारखान्यासाठी सोलर इन्व्हर्टरची माहितीपुस्तिका मराठीत करतोय. एका वाक्याशी गाडी अडलीय. मॉड्युलेशनची (विजेच्या पल्स कमीजास्त करून हवी ती लहर घडवण्याची) पद्धत बदलली की स्विचिंगमध्ये (सततच्या चालू-बंदमध्ये) वाया जाणारी ऊर्जा कमी होते, पण डिस्टॉर्शनवर (लहरीचा आकार बिघडण्यावर) लक्ष ठेवावं लागतं, असं सांगायचंय. मराठी विश्वकोशात मॉड्युलेशनला ‘विरूपण’ आहे. हिंदीत मात्र विरूपण म्हणजे डिस्टॉर्शन, आणि पुस्तिका हिंदीतही निघणार आहे. काय करू?

नौपाडा_आजोबा: हिंदीचं हिंदीपाशी. ‘कंप्रता विरूपण’ (फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन, एफएम) आम्ही रेडिओच्या संदर्भात वाचलेलं आहे. विरूपण म्हणजे रूप पालटणे, त्यात वाईट काही नाही.

घणसोली७: आजोबा, शूर्पणखेला विरूप केलं तेव्हा नुसतं रूप पालटलं होतं का? नाक गेलं होतं!

महापे_शॉपफ्लोअर: आमच्या लाइनवर सगळे ‘पीडब्ल्यूएम’च (पल्स विड्थ मॉड्युलेशन) म्हणतात, दहावी नापास हेल्परसुद्धा. आणि रूप पालटतं कुठे? पल्सची उंची तीच राहते, रुंदी कमीजास्त होते. त्यातून मोटरला साइन वेव्हसारखा करंट मिळतो. कॅरिअर फ्रिक्वेन्सी, म्हणजे चालू-बंदचा वेग, वाढवली की करंट गुळगुळीत, पण आयजीबीटी, म्हणजे चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, तापतात. म्हणून डिसकंटिन्युअस पद्धतीत तिन्ही फेज आळीपाळीने गप्प बसवतात. प्रत्येक फेज चक्राचा एक तृतीयांश वेळ स्विचच होत नाही, तेवढी उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकला उसंत. व्होल्टेज कमी असताना मात्र रिपल (करंटमधली थरथर) वाढतो, तिथे नेहमीची स्पेस व्हेक्टर पद्धत बरी. साध्या साइन-ट्रँगल पद्धतीपेक्षा ती त्याच डीसी बसमधून (इन्व्हर्टरच्या आतल्या डीसी पुरवठ्यातून) सुमारे १५ टक्के जास्त व्होल्टेज काढते.

कोपरीची_मावशी: रुंद पल्स, अरुंद पल्स… अहो, हे तर लघु-गुरू झाले! ‘मात्रा’ घ्या की. मॉड्युलेशनच्या मुळाशी लॅटिन ‘मोडस’ आहे, म्हणजे माप. मात्रा, मान, परिमाण सगळी एकाच गोत्रातली.

नौपाडा_आजोबा: ‘मा’ धातू वेगळा, ‘मोडस’चं मूळ वेगळं धरतात. सारखं ऐकू आलं म्हणून सोयरीक जुळत नाही.

कोपरीची_मावशी: अर्थ तर जुळतो! आणि ‘मात्रानियमन’ कानाला किती गोड लागतं.

घणसोली७: वैद्याची मात्रा वाटते. सकाळ-संध्याकाळ मधातून.

महापे_शॉपफ्लोअर: मावशी, मात्रावृत्तात एका गुरूच्या जागी दोन लघू चालतात. इथे तसं केलं तर स्विचिंग दुप्पट होईल.

कोपरीची_मावशी: मग अक्षरगणवृत्त घ्या, तिथे प्रत्येक जागेचा लघु-गुरू ठरलेला असतो. भुजंगप्रयातात तर…

वागळेकर: मंडळी, पुस्तिका सोमवारी छपाईला जातेय. सध्या ‘मॉड्युलेशन’ तसंच ठेवतो आणि डिस्टॉर्शनला ‘तरंगाची विकृती’ लिहितो.

नौपाडा_आजोबा: विकृती? ग्राहक इन्व्हर्टर परत करेल. आणि तरंग कशाला, ‘लाट’ नाही का चालत?

घणसोली७: वाशी खाडीच्या पुलावर उभं राहून ठरवा.

कोपरीची_मावशी: भुजंगप्रयाताचं राहिलंच. चार यगण (लघु-गुरू-गुरू), म्हणजे एका ओळीत आठ गुरू. महापेवाले, मोजा बघू स्विचिंग.