मला फ्लू, आता बोका शिंकतोय. माझ्यामुळे का?

वरणभात (भांडुप)
गेल्या सोमवारी लोकलमधून ताप घेऊनच घरी आले. स्वॅब केला, इन्फ्लुएन्झा ए निघाला. घर वन रूम किचन, त्यामुळे 'वेगळं राहा' म्हणजे नवरा स्वयंपाकघरात आणि मी पलंगावर. पण हे गण्याला कोण सांगणार? (बोका, पिवळा, सहा वर्षांचा, साडेपाच किलो.) चार रात्री माझ्या मानेत नाक खुपसून झोपला. अंगात ताप म्हणजे त्याला फुकटची शेगडी. काल सकाळपासून शिंकतोय, डाव्या डोळ्यातून पाणी येतंय. बोंबील शिजायला लागला की ओट्याखाली ठाण मांडणारा हा प्राणी काल वाटी हुंगून निघून गेला. सासूबाई म्हणतात, "तुझंच दुखणं लागलं." नवरा म्हणतो, माणसाचं मांजराला लागतच नाही. कोण बरोबर? आणि पॅरासिटामॉलची चतकोर गोळी दिली तर चालेल का?

चाळीतला_बाप्पा
गोळी नको!! चतकोर नको, चिमूटभर नको. मांजराच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. आमच्या काळीला मीच दिली होती, ताप आहे म्हणून. संध्याकाळपर्यंत हिरड्या मातकट झाल्या. पुढचं लिहीत नाही.

टिटवी
बाप्पांना +१. मी प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.

सासूबाईंना हसू नका. २००९ च्या स्वाइन फ्लूत अमेरिकेतल्या आयोवात तेरा वर्षांच्या एका घरगुती मांजराला तो फ्लू झाला होता. घरातल्या तिघांपैकी दोघं आधी आजारी होते. मांजर बरं झालं. कोविडमध्ये तर रांगच लागली: हाँगकाँगचा कुत्रा, न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयातली वाघीण, २०२१ च्या मे महिन्यात आपल्याकडे हैदराबादचे आठ सिंह. कुत्र्यापेक्षा मांजर या विषाणूला लवकर बळी पडतं.

तरीही मी पैज तुमच्या फ्लूवर लावणार नाही. मांजरांची स्वतःची सर्दी असते, बहुतेक वेळा त्यांच्या हर्पिस किंवा कॅलिसी विषाणूची. ती आपल्याला होत नाही. हर्पिस तर एकदा शिरला की जन्मभर दबा धरून बसतो आणि घरात ताणतणाव झाला की डोकं वर काढतो. मालकीण पलंगावर, सगळ्यांच्या वेळा कोलमडलेल्या, एवढं पुरतं त्यांना. गण्या पिल्लू असताना डोळे चिकटायचे का?

वरणभात (भांडुप)
अगं हो! स्टेशनबाहेर कोळणीच्या पाटीखाली सापडला तेव्हा दोन्ही डोळे पिवळ्या चिकटाने बंद होते. पंधरा दिवस थेंब घालत होते. पार विसरले होते.

टिटवी
मग संशय तिकडेच जास्त. नक्की काय ते चाचणीशिवाय कळणार नाही, पण घरी करायचं ते सारखंच. कोमट पाण्यात कापूस भिजवून नाक-डोळा पूस. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून दहा मिनिटं त्याला वाफेत बसव, पण निलगिरी, कापूर, बाम काही घालू नको, मांजराला विषारी. नाक चोंदलं की वास येत नाही आणि वास नाही तर मांजर खात नाही. म्हणून जेवण कोमट करून दे. जाड बोका उपाशी राहिला तर यकृतात चरबी साठते, त्यामुळे आजही खाल्लं नाही तर उद्या दवाखाना. गाढ झोपेत मिनिटाला ३० च्या वर श्वास मोजलेस तर वाट बघू नकोस. तोंड उघडून धापा टाकायला लागला तर रिक्षात बसूनच फोन कर. आणि तुझा खोकला जाईपर्यंत मानेतली झोप बंद, मास्क तू लाव. त्याला लावायला जाऊ नकोस, ओरबाडेल.

चाळीतला_बाप्पा
मास्क लावलेला बोका :)) एकानं खरंच प्रयत्न केला होता, त्याच्या हातावर चार टाके.

वरणभात (भांडुप)
काल डॉक्टरांकडे नेऊन आणला. छाती साफ, डोळ्याला थेंब दिलेत. त्यांनाही जुना हर्पिसच वाटतोय. "तुम्हाला फ्लू झाला होता हेही कागदावर लिहून ठेवतो," म्हणाले. बिनमिठाचा बोंबील कोमट करून दिला, तीन तुकडे गेले. झोपेत श्वास २४. सासूबाईंना हर्पिस मान्य नाही, त्यांनी मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढली. माझी नाही, त्याची.