नाव बदलणं पुरेसं नाही
मुलांशी संबंधित खऱ्या गुन्ह्यावर चित्रपट करताना 'खटल्याचं रेकॉर्ड जाहीर आहे, नावं बदलली की झालं' असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. आपल्याकडे अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई करणारं बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ दृक्-श्राव्य माध्यमांनाही लागू आहे. त्यात नावाबरोबर पत्ता, शाळा, ओळख पटवणारा कुठलाही तपशील आला. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नाव बदललं, पण गणवेशाचा रंग आणि एसटी थांब्यावरची पाटी तशीच ठेवली, तर तालुक्याला लगेच कळतं.

लिव्हरपूलच्या १९९३ च्या खुनावरचा 'डिटेनमेंट' हा लघुपट पोलीस जबाबांवर बेतलेला होता, तरी मारल्या गेलेल्या दोन वर्षांच्या मुलाच्या आईला आधी कळवलंच नव्हतं. पटकथेचा पहिला खर्डा हातात असतानाच मूल गमावलेल्या कुटुंबाच्या घरी जायला हवं. ऑस्कर नामांकनानंतर फार उशीर झालेला असतो.