एओविनची जोडी ब्रिएनशी लावू नका, जॉन स्नोशी लावा

ढालगज

फॅन्टसीतल्या योद्ध्यांची तुलना निघाली की एक जोडी हमखास लावली जाते. टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली एओविन आणि मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'मधली (पडद्यावरचं 'गेम ऑफ थ्रोन्स') ब्रिएन. दोघी बायका, दोघींच्या हातात तलवार, दोघींना घरात बसायचं नाही. झालं, छत्तीस गुण जुळले! मला ही जोडी कधीच पटली नाही. (पुढे दोन्हीकडचं बरंच काही फुटणार आहे. वाचायचं बाकी असेल तर इथूनच मागे फिरा.)

एओविन लढाईला जाते हे सगळ्यांना आठवतं, ती काय सोडून जाते ते कोणालाच आठवत नाही. तिचा मामा, रोहनचा राजा थिओडेन, बाहेर पडताना प्रजेचा कारभार तिच्यावर सोपवून गेलाय. ती युद्धाला निघालेल्या राजवारस अरागॉर्नकडे हट्ट धरते, मलाही ने. तो विचारतो, राजा परत येईपर्यंत लोकांना सांभाळायचं तू कबूल केलं होतंस ना? प्रश्न सरळ आहे. तिच्याकडे त्याला सरळ उत्तर नाही. कशाची भीती वाटते या पुढच्या प्रश्नाला मात्र आहे: पिंजऱ्याची. मग ती डर्नहेल्म नावाने, पुरुषाच्या वेषात सैन्यात घुसते. नेमून दिलेलं ठाणं सोडून पळते, असं म्हणा की सरळ. पुढे तिच्या हातून शत्रूचा सेनापती विच-किंग मेला म्हणून आपण त्यावर पांघरूण घालतो.

ब्रिएन मेली तरी हे करणार नाही. तिचा पिंडच दिलेल्या शब्दाचा. तिचा राजा रेन्ली मेला, मग तिने केटलिन स्टार्कला शब्द दिला. केटलिन मेली, तरी शब्द आहेच. 'अ फीस्ट फॉर क्रोज'मध्ये (२००५) ती रस्ते तुडवत, भेटेल त्याला केटलिनच्या हरवलेल्या, तेरा वर्षांच्या तांबूस केसांच्या मुलीबद्दल विचारत फिरते. निम्मे वाचक तिथे कंटाळतात. माझ्या मते त्या पुस्तकातली सगळ्यात चांगली प्रकरणं तीच.

एओविनचा जुळा भाऊ शोधायचा तर तो मार्टिनच्या जगातल्या उत्तर सीमेच्या भिंतीवर सापडेल. पहिल्या पुस्तकाचा (१९९६) शेवट आठवा. जॉन स्नोने त्या भिंतीवरच्या पहाऱ्याची शपथ घेतली आहे. तिकडे बापाचं, नेड स्टार्कचं, डोकं उडवलंय, सावत्र भाऊ रॉब फौज घेऊन निघालाय. जॉन रात्री घोड्यावर बसून पळतो. मित्र पाठलाग करतात, त्याचीच शपथ त्याला म्हणून दाखवतात आणि परत आणतात. एओविनच्या मागे कोणी गेलं नाही, एवढाच फरक. घरची माणसं मरायला निघाली असताना पहाऱ्यावर थांबायचं की नाही, हा दोघांपुढचा पेच. त्यात बाई-पुरुष कुठे आलं?

कट्यार

बाई-पुरुष सगळीकडे आलं, ढालगजताई. तुम्ही ते चिमट्याने उचलून बाजूला ठेवलंत म्हणून जोडी जुळली.

जॉनने शपथ स्वतः घेतली. अनौरस पोराला दुसरे मार्ग कमी होते हे मान्य, पण गुडघे टेकून म्हटली त्यानेच. एओविनला काम कसं मिळालं ते बघा. थिओडेन पहिल्यांदा लढाईला निघतो तेव्हा मागे कोणाला ठेवायचं हा प्रश्न येतो. राजा म्हणतो, एओमेरला (म्हणजे तिच्या भावाला) मी सोडू शकत नाही, तो थांबणारही नाही, आणि या घराण्यातला तो शेवटचा. शेवटचा! भाची समोर उभी आहे आणि राजाच्या हिशेबातच नाही. हामा नावाच्या द्वारपालाला सांगावं लागतं की महाराज, एओविन आहे की.

त्यातही 'तो थांबणारही नाही' हे परत वाचा. एओमेर थांबणार नाही हे गृहीत धरलेलं आहे, त्याला कोणी पळपुटा म्हणत नाही. तीच गोष्ट बहिणीने केली की ठाणं सोडलं? वा!

आणि शेवटी ती जखमी पडलेली असताना तिच्या बिछान्यापाशी जादूगार गँडाल्फ एओमेरला काय सुनावतो? तुझ्याकडे घोडे होते, मोकळी रानं होती. हिच्यात हिंमत तुझ्याइतकीच होती आणि हिच्या वाट्याला एका म्हाताऱ्याची उठबस आली. टोल्किनने स्वतः गँडाल्फच्या तोंडून निकाल दिलाय, आपण अपील कशाला करायचं?

उगाच_एक

विच-किंगच्या हत्येत अर्धा वाटा मेरीचा आहे हे नोंदवून ठेवतो. (मेरी हा हॉबिट, म्हणजे माणसांहून वेगळ्या, बुटक्या जमातीतला. पुरुष. नावावर जाऊ नका.) त्याने मागून गुडघ्यात पातं खुपसलं म्हणून तो मंतरलेला देह सैल पडला. दुसऱ्या कुठल्याही तलवारीने ते झालं नसतं असं पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. कोणा पुरुषाच्या हातून हा मरणार नाही हे भाकीत, आणि मारणारे कोण, तर एक बाई आणि एक हॉबिट. इंग्रजीतल्या 'मॅन' या शब्दाच्या दोन्ही अर्थांनी (पुरुष आणि मानव) बसतं.

अवांतर: असल्या पळवाटा आपल्याला नव्या नाहीत. महिषासुर, हिरण्यकश्यपू, सगळे वर मागताना एक खिडकी उघडी ठेवतात. फक्त शिखंडीला पुढे करून भीष्माला पाडणारा अर्जुन मागे लपलेला असतो. इथे एओविन स्वतः समोर उभी राहून नाव सांगते.

पडद्यावरचा

मी पुस्तकं वाचलेली नाहीत, सिनेमे आणि मालिका पाहिली आहे, तेवढ्यावरून बोलतो. मला दोघी एकाच वाटेच्या वाटल्या. दोघींना एकच गोष्ट हवी आहे, आम्हाला योद्धा म्हणा. २००३ च्या सिनेमात एओविनचं ते शिरस्त्राण उतरवणं आणि २०१९ च्या आठव्या सीझनमध्ये जेमी लॅनिस्टर ब्रिएनला नाइट करतो (योद्ध्याचा मानाचा किताब देतो) तो क्षण, दोन्हीकडे माझ्या अंगावर सारखाच काटा आला. काटा खोटं बोलतो का?

ढालगज

@पडद्यावरचा, काटा खोटं बोलत नाही, पण कशाने आला तेही सांगत नाही. सिनेमात मेरीला आणि तुम्हाला पहिल्यापासून माहीत असतं की घोड्यावर एओविन आहे. पुस्तकात नसतं. तिथे डर्नहेल्म हा मरायला निघालेला एक गप्प तरुण स्वार. त्याच्या करड्या डोळ्यांत आशा उरलेली नाही, एवढंच मेरीला दिसतं. तिला योद्धा म्हणवून घ्यायचं नाहीये, तिला मरायचंय. सिनेमाने त्या जागी जोश भरला. आणि ब्रिएनचं नाइट होणं पुस्तकांत अजून झालेलंच नाही. तिथे कोणी 'सर' म्हटलं की बिचारी दरवेळी दुरुस्ती करते.

@कट्यार, एओमेरचा मुद्दा लागला. राजाचं ते वाक्य मी कितीदा वाचलं असेल, असं ऐकलं नव्हतं. पण हामाच्या प्रसंगाचा दुसरा अर्धा भाग तुम्ही गाळलात. तो काय म्हणतो? ती निर्भय आहे, तिच्यावर सगळ्यांचा जीव आहे, ती आमची सरदार असू दे. उरलीसुरली म्हणून नेमलेली नाही, लोकांनी मागून घेतलेली आहे. राजा विसरला होता, प्रजा नव्हती. आणि ती सोडून गेली ते त्या प्रजेला.

खडूस

इतका वेळ दोघंही एओविनच्या पळण्यावर भांडताय. माझं भांडण तिच्या थांबण्याशी आहे. एवढं सगळं करून शेवटी काय? आता मी ढालकरीण राहणार नाही, रोगी बरे करीन, उगवणाऱ्या गोष्टींवर प्रेम करीन. आणि सेनानी फारामीरशी लग्न. पिंजऱ्याची भीती होती ना? पिंजऱ्याला वेल लावला की बाग होते का?

मार्टिनने ब्रिएनवर ही वेळ आणली नाही. गाल चावून तोडला, फासावर चढवली, पण तलवार खाली ठेवायला लावली नाही. या एका कारणासाठी ब्रिएन वरचढ.

कट्यार

आता मला ढालगजताईंच्या बाजूने लढावं लागणार, काय दिवस आलेत.

खडूस, सुरुवातीच्या आराखड्यात एओविन मरणार होती. त्याआधीच्या टिपणांत तर तिचं लग्न अरागॉर्नशी लागणार होतं, आर्वेन (छापील पुस्तकातली त्याची राणी) तेव्हा जन्मालाच आलेली नव्हती. क्रिस्टोफर टोल्किनने बापाचे कच्चे खर्डे छापले त्यात हे आहे. म्हणजे टोल्किनपुढे दोन तयार शेवट होते: वीरमरण किंवा राणीपद. दोन्ही टाळ्यांचे. त्याने दोन्ही टाकले आणि मरायला निघालेल्या बाईला जगायला लावलं. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली सोमच्या खंदकांत राहिलेला माणूस आहे हा, वीरमरणाचं कौतुक त्याला तुम्ही नका सांगू.

शिवाय तलवार काय तिनेच ठेवली? कथेचा नायक फ्रोडो घरी, शायरला परतल्यावर तिथल्या लढाईत शस्त्राला हात लावत नाही. त्याचा सोबती सॅम माळीकाम करतो. फारामीर सांगतो की तलवारीच्या धारेवर माझं प्रेम नाही, ती ज्यांचं रक्षण करते त्यांच्यावर आहे. हा टोल्किनच्या जगातला मान आहे, शिक्षा नाही.

खडूस

सुंदर. आता पुस्तकाचं परिशिष्ट उघडा. राजा एलेस्सार म्हणजे आपला अरागॉर्न जिथे जिथे लढायला गेला तिथे तिथे एओमेर गेला. रून समुद्राच्या पलीकडे आणि दक्षिणेच्या मैदानांत रोहनच्या घोडदळाचा गडगडाट ऐकू आला, असं लिहिलंय. हा मान त्या दोघांना का नाही मिळाला बरं? माळीकाम शिकायला त्यांना कोणी पाठवलं नाही.

आणि त्याच परिशिष्टात एओविनला काय मिळालं? तिच्या देशात तिला पुढे 'ढालबाहूची राणीसाहेब' अशा अर्थाचं नाव पडलं, आणि ढालीचा हात विच-किंगने मोडला होता म्हणून, हे तळटीपेत. भावाला गडगडाट, बहिणीला तळटीप.

कट्यार

परिशिष्टाचं उत्तर माझ्याकडे नाही. फक्त ते नाव लोकांनी हात मोडल्याबद्दल नाही, कशासाठी मोडला त्याबद्दल ठेवलं असेल, असं मला वाटतं.

उगाच_एक

यात अलाना कोणालाच कशी आठवली नाही? टमोरा पिअर्सची, १९८३. जुळ्या भावाशी अदलाबदल करून मुलाच्या वेषात नाइट व्हायला जाते, आणि होते. एओविनचा वेष आणि ब्रिएनचं स्वप्न, एकाच मुलीत. कुमारवयीनांची पुस्तकं म्हणून नाकं मुरडू नका.

ढालगज

अलाना घेतली यादीत.

खडूस, ब्रिएन वरचढ की नाही ते बाजूला ठेवा, पण तिला तलवार खाली ठेवावी लागली नाही हे मला सुख वाटत नाही. ती तलवार कोणाची? जेमीने दिलेली, नेड स्टार्कची 'आइस' वितळवून केलेली, नाव ओथकीपर. केटलिनला दिलेला शब्द पाळायला तिच्या शत्रूंनी, लॅनिस्टरांनी, दिलेलं पोलाद. जेमीने कैदेत असताना केटलिनला ऐकवलं होतं, इतक्या शपथा घ्यायला लावतात की एक पाळायची तर दुसरी मोडते. ब्रिएनचं पुढचं सगळं आयुष्य त्या टोमण्याचा पुरावा होत जातं. मेलेली केटलिन उठून येते आणि म्हणते, तलवार घे नाहीतर फास. जेमीला मार नाहीतर लटक. दोरी आवळली जाते, ब्रिएन एक शब्द ओरडते आणि प्रकरण संपतं. शब्द कुठला ते छापलेलंच नाही.

म्हणून मी म्हणत होते की दोघींची जोडी नाही. एकीने शब्द मोडला आणि सुटली. दुसरीने एकही मोडला नाही आणि तिथेच अडकली.

खडूस

एकही मोडला नाही? 'अ डान्स विथ ड्रॅगन्स'मध्ये (२०११) ती जेमीसमोर येऊन उभी राहते. मुलगी सापडली आहे, एकटे चला, म्हणते. मुलगी तर तिकडे नाहीच. ती धडधडीत खोटं बोलतेय. म्हणजे त्या फासाखाली काहीतरी मोडलंच.

ढालगज

किंवा जेमीला नेऊन ऐन वेळी केटलिनसमोरच उलटायचं ठरवून आली असेल.

खडूस

तर मग ती एओविनच झाली की. दिलेला शब्द मोडून, ज्याच्यावर जीव आहे त्याच्यासाठी उभी राहिलेली. तुमचा धागा तुम्हीच उसवलात.

ढालगज

पुढचं पुस्तक येईपर्यंत हे मान्य करणार नाही.

उगाच_एक

म्हणजे कधीच नाही, असं म्हणा ना.