चित्रातलं घड्याळ दाखवणारा माणूस खडूसच असतो का?

अर्धविराम
एका कॉमिकच्या चाहत्यांमध्ये गेल्या महिन्यात जे झालं ते मनातून जात नाही. एकीने आवडत्या पात्राचं चित्र काढून ग्रुपवर टाकलं. सुरेख रंगकाम. खाली माझ्या मित्राची एकच ओळ: "घड्याळ उजव्या मनगटावर हवं. तिसऱ्या भागात दिसतं." नमस्कार नाही, स्मायली नाही. लोक तुटून पडले. खडूस, आगाऊ, शिष्ट! त्याला वाटलं, आपला पुरावा कमी पडला. म्हणून त्याने घड्याळ दिसणाऱ्या १४ चौकटी शोधून क्रमाने लावल्या. मग तर 'हा पिच्छाच पुरवतोय' म्हणत त्याला काढूनच टाकलं.

मित्र ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न, आहे. त्याला विचारूनच हे लिहितोय. मी म्हटलं, आधी चित्र आवडलं एवढं तरी लिहायचंस. तो गोंधळून म्हणाला, "आवडलं नसतं तर मनगटापर्यंत कशाला बघितलं असतं?"

ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही, हे आपण ऐकत आलोय. डेमियन मिल्टन हे समाजशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की हे न कळणं दोन्हीकडून असतं. त्याला ते 'डबल एम्पथी प्रॉब्लेम' म्हणतात. इथेही तेच झालं. त्याचं मन त्या गर्दीत एकालाही कळलं नाही, पण दोष लागला तो त्याला एकट्याला. आपण माणसाची लिहिण्याची पद्धत वाचतो आणि तोच त्याचा स्वभाव धरून चालतो.

रानजाई
असहमत. मी चित्रं काढते. ते चित्र माझं नव्हतं, पण असू शकलं असतं. रात्री जागून काढलेल्या चित्राखाली पहिलीच ओळ चूक दाखवणारी येते तेव्हा काय होतं ते सांगते. फोन उलटा ठेवते, परत उचलते, तीच ओळ वाचते. दिवस त्यातच जातो. मला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि आवेग आवरणं अवघड जातं. नापसंतीचा असा घाव बसण्याला 'रिजेक्शन सेन्सिटिव्हिटी' म्हणतात. निदानाच्या निकषांत ते नाही, पण ज्याला बसतो त्याला कळतं.

तुमच्या गोष्टीत एका बाजूला न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे मेंदू जरा वेगळ्या पद्धतीने चालणारा, मुलगा आणि दुसऱ्या बाजूला 'नॉर्मल' जमाव आहे. त्या जमावात माझ्यासारख्या किती जणी होत्या, हे तुम्हाला ठाऊक आहे का? त्याला काढून टाकलं ते चूकच. पण त्याचा हेतू ओळखण्याचं सगळं काम वाचणाऱ्यानेच का करायचं?

कोरा कागद
अर्धविराम यांच्याशी सहमत, आणि एक भर. २०१७ मध्ये नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता. ऑटिस्टिक व्यक्तींची काही सेकंदांची झलक पाहून किंवा आवाज ऐकून लोकांचं मत पटकन वाईट होत होतं. पण तेच बोलणं नुसतं लिहून वाचायला दिलं, तर हा फरक उरला नाही. म्हणजे जिथे सगळं लेखी चालतं तिथे अशा माणसाला न्याय मिळायला हवा होता. तसं होत नाही, कारण चाहत्यांनी अक्षरांनाच चेहरा दिलाय. 'खूऊऊप छान', तीन उद्गारचिन्हं, बदाम. ते नसलं की 'हा चिडलाय'. साधा पूर्णविरामसुद्धा रागाचा ठरतो!

उत्तररात्र
मला या सगळ्याचीच धास्ती वाटते. आता कुणी तुटक लिहिलं की 'ऑटिस्टिक असेल बिचारा', कुणी दुखावलं की 'एडीएचडी असेल'. चार ओळींवरून निदान करणारे आपण कोण? मी ऑटिस्टिक आहे आणि मला खडूस म्हटलेलं चालेल, पण 'समजून घ्या त्याला' असं माझ्या पाठीमागे म्हटलेलं चालणार नाही. खडूस म्हणणारा निदान माझ्याशी बोलत तरी असतो.

अर्धविराम
हे लागलं. मान्य. निदान कळलं म्हणून नव्हे, तर कळायच्या आधीच कुणीतरी "तुला चित्र कसं वाटलं?" एवढं विचारायला हवं होतं. मीसुद्धा तिथे होतो. मीही विचारलं नाही.

कोरा कागद
टोन टॅगचं काय? वाक्याच्या शेवटी 'गंमत', 'मनापासून' असं लिहायचं. कित्येक ठिकाणी रुळलंय.

उत्तररात्र
वाचताना मला उपयोग होतो. लिहिताना मात्र प्रत्येक वाक्यापुढे थांबून 'हे कसं दिसेल' ठरवावं लागतं. दिवसभर लोकांत तेच करून येते मी. मास्किंग म्हणतात ते हेच. कॉमिकवर बोलायला येते तेव्हा ते उतरवायचं असतं.

रानजाई
हे मला माहीत नव्हतं. मग माझ्याकडून एवढं करता येईल: चित्राखाली लिहीन, 'आज चुका सांगू नका' किंवा 'बारकावे तपासून हवेत'. वाक्य सरळ असेल, अंदाज बांधावा लागणार नाही. पण त्यानंतरही कुणी मनगटच दाखवलं तर मी दुखावणारच, आणि तसं स्पष्ट लिहीन.

अर्धविराम
तो हे वाचतोय. म्हणतो, असं लिहिलेलं असतं तर गप्प बसलो असतो. आणि विचारतोय, 'बारकावे तपासून हवेत' असं लिहिलं तर १४ चौकटी चालतील का?

रानजाई
त्या दिवशी चालतील. सगळ्या पाठव.